मांडवाच्या नकाशात वाजवणाऱ्याची जागा दाखवा

प्रति,
कोल्हापूर शहर आणि परिसरातील मंगल कार्यालयं, लॉन आणि बँक्वेट हॉलचे मालक, तिथले मॅनेजर आणि त्यांच्यासोबत काम करणारे इव्हेंटवाले यांस,

स.न.वि.वि.

मी कोल्हापुरात एकटीनं गिटार वाजवण्याचं काम करते. साखरपुडा, रिसेप्शन, डोहाळेजेवण, कुणाची साठी-पंचाहत्तरी, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, उद्यमनगर किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखानदाराच्या घरची पार्टी, असे माझे कार्यक्रम असतात. पाहुणे येतात, बसतात, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसांशी बोलतात, जेवतात, आणि तेवढा वेळ मी वाजवत असते. मागं ऑर्केस्ट्रा नसतो, सोबतीला तबला-ढोलकी नसते. एक गिटार, एक माईक, दोन छोटे स्पीकर आणि मी.

तुमच्याकडं माझं मागणं एकच आहे. कार्यक्रमाचा नकाशा आखताना तुम्ही स्टेज कुठं, बुफे कुठं, चाटचा काउंटर कुठं, फुलांची भिंत कुठं, डीजेचं टेबल कुठं हे सगळं ठरवता. त्याच नकाशात वाजवणाऱ्या माणसाची जागाही दाखवा. कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी "बसा की कुठं पण, ताई" असं सांगून ती ठरवू नका. मांडववाला पहिला खांब उभा करण्याआधी ठरवा.

मागणं किरकोळ वाटेल. पण माझं दिवसभराचं काम नीट होणार की बिघडणार, पाहुण्यांना त्रास होणार की आनंद, आणि मी त्या रात्री धडपणे घरी पोहोचणार की नाही, हे सगळं त्या जागेवर अवलंबून असतं.

पाहुण्यांना माझे दोन-अडीच तास दिसतात. दिवस मात्र सकाळीच सुरू झालेला असतो. तारा मी आदल्या दिवशी बदलते, कारण नव्या तारा ताणून बसायला वेळ घेतात आणि त्याच दिवशी बदलल्या तर दर गाण्याला उतरतात. सकाळी पिकअपची, म्हणजे गिटारचा आवाज उचलून स्पीकरला देणाऱ्या आतल्या यंत्राची, 9 व्होल्टची बॅटरी तपासायची, केबल एकेक लावून बघायची, घरच्यांनी कळवलेली फर्माईश बसवायची. आजोबांना आवडणारं एखादं जुनं भावगीत असतं आणि ते त्यांच्या पट्टीत हवं असतं, कारण नातू सोबत म्हणणार असतो. दुपारी सामान गाडीत भरायचं. सातचा कार्यक्रम असला तर मी चारला लॉनवर हजर असते. फुलेवाडी रिंगरोड, पन्हाळा रोड, उचगावकडचा भाग, कुठंही असो. आधी जायचं ते जोडाजोडी करून, आवाज बघून, पाहुणे यायच्या आत निवांत बसता यावं म्हणून.

आणि चारला पोहोचल्यावर पहिला प्रश्न असतो, मी बसू कुठं? उत्तर कुणाकडंच नसतं. मॅनेजर म्हणतात इव्हेंटवाल्यांना विचारा. इव्हेंटवाले म्हणतात डेकोरेशनवाल्यांनी काय ठेवलंय बघू. डेकोरेशनवाल्यांची पोरं शिडीवर असतात, त्यांना माझ्याबद्दल कुणी काही सांगितलेलंच नसतं. सहा वाजता कुणीतरी उरलेला कोपरा दाखवतं. मला आजवर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी बसवलं गेलं आहे, जिथं वाढप्यांची सारखी ये-जा असते. फुलांच्या भिंतीमागं बसवलं गेलं आहे, जिथून मला पाहुणे दिसत नाहीत आणि पाहुण्यांना मी. जनरेटरच्या अंगाला बसवलं गेलं आहे. भांडी घासायच्या जागेजवळ, ओल्या शहाबादी फरशीवरही बसवलं गेलं आहे. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, हे मी मनापासून सांगते. माझ्या जागेचा विचार कुणाच्याच कामात धरलेला नव्हता, म्हणून तो कुणी केला नाही.

आता आवाजाचं बघा. उघड्या लॉनवर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो. मला लॉनच्या एका टोकाला बसवलं, पहिलं टेबल 2 मीटरवर आणि शेवटचं 16 मीटरवर असलं, तर या दोन टेबलांवर पडणाऱ्या आवाजात 18 डेसिबलचा फरक पडतो. शेवटच्या टेबलावरचे काका "ऐकूच येत नाही" म्हणून माणूस पाठवतात. त्यांच्यासाठी आवाज वाढवला की पहिल्या टेबलावरच्या आजी खुर्ची उचलून मागं जातात. दोघांचंही बरोबर असतं, आणि मी कितीही चांगलं वाजवलं तरी दोघांनाही समाधान देऊ शकत नाही. तेच मला लॉनच्या लांब बाजूला, मधोमध बसवलं, स्पीकर बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून जातील एवढ्या उंचीवर ठेवले, जवळचं टेबल 4 मीटरवर आणि लांबचं 10 मीटरवर राहिलं, तर फरक 8 डेसिबलवर येतो. तोच स्पीकर, तीच गिटार, तेच लॉन. फक्त खुर्ची हलली.

याला आणखी एक बाजू आहे. भोवती आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये हे मांडलं, आणि आजही ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. माझा आवाज चढला की टेबलावरची माणसं मोठ्यानं बोलतात, ती मोठ्यानं बोलली की लांबच्यांना गिटार ऐकू येत नाही, मग पुन्हा मला वाढवायला सांगतात. तासाभरात सगळं लॉन ओरडत असतं. ज्यांनी गिटार सांगितली त्यांना नेमकं हेच नको होतं. त्यांना बहिणीशी, व्याह्यांशी, पुण्याहून आलेल्या मित्राशी सुखानं बोलायचं होतं. सुरुवातच योग्य जागेवरून, हलक्या आवाजात झाली तर हे चढतं चक्र फिरायलाच लागत नाही.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते मुख्यतः विजेच्या बोर्डासाठी.

मागच्या उन्हाळ्यात शहराबाहेरच्या एका लॉनवर पंचाहत्तरीचा कार्यक्रम होता. लॉनचं नाव लिहीत नाही, कारण हीच तऱ्हा मी इतर ठिकाणीही पाहिली आहे. माझी जागा ऐनवेळी ठरली, त्यामुळं लाइटही ऐनवेळी आली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. काळी वायर, मध्ये दोन ठिकाणी टेप गुंडाळलेली, टोकाला लाकडी बोर्ड. त्याच लाइनवर आइस्क्रीमचा डीप फ्रीजर. खाली नुकतंच पाणी मारलेलं गवत. स्पीकर चालू केला आणि त्यातून घोंऽऽ असा आवाज यायला लागला. गिटारच्या तारांना हात लावला की तो आवाज बदलायचा. मी माईक तपासायला पुढं झुकले, डावा हात तारांवर होता, ओठ माईकच्या जाळीला लागले आणि ओठाला चटका बसला. पुन्हा हळूच लावून बघितला. पुन्हा तेच.

मी वाजवायचं थांबवून तिथल्या वायरमनला बोलावलं. त्यानं खिशातला टेस्टर काढून गिटारच्या तारेला लावला. टेस्टरचा दिवा लागला. त्यानं मेन काढून बोर्ड खोलला. बाहेरून तीन भोकांचा सॉकेट होता, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागं वायरच जोडलेली नव्हती. खिडकीतून आलेली ती लांब वायरच दोन तारांची होती. "ताई, अर्थिंगच न्हाई ह्यात," तो म्हणाला. मॅनेजर बाजूला उभे होते. ते म्हणाले, "इतकी लग्नं झाली हितं, कुणाला काय झालं न्हाई."

या वाक्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण मॅनेजर खोटं बोलत नव्हते. काही झालं नसेलही. पण का झालं नाही, ते समजून घ्या. स्पीकर आणि मिक्सरच्या (आवाज जुळवायच्या यंत्राच्या) पॉवर सप्लायमध्ये कपॅसिटर नावाचे छोटे भाग असतात. अर्थिंग जोडलेलं नसलं की त्यांच्यामुळं यंत्राच्या धातूच्या भागावर आपल्या 230 व्होल्टच्या साधारण निम्मा दाब येऊन बसतो. करंट फार थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. ज्याला झिणझिण्या येतात तो हात झटकतो आणि कामाला लागतो. पण त्याच साखळीत कुठं इन्सुलेशन फाटलं, फेज बॉडीला लागली, तर तिला जमिनीत न्यायला वाट नसते. मग वाट होते ती वाजवणाऱ्याच्या अंगातून. माझ्या गिटारच्या तारा आतून केबलच्या अर्थला जोडलेल्या आहेत, घुंई कमी यावी म्हणून. म्हणजे स्पीकरच्या बॉडीवर जे येईल ते माझ्या बोटांवर येणार. त्यातून माईक डीजेच्या मिक्सरला जोडलेला असेल, तो मिक्सर जनरेटरवर असेल आणि माझा स्पीकर मेनवर, तर बोटं एका लाइनवर, ओठ दुसऱ्या लाइनवर आणि मध्ये माझं शरीर, अशी जोडणी होते.

1972 मध्ये स्वान्सी या वेल्समधल्या गावात लेस हार्वी नावाचा गिटारवादक चालू कार्यक्रमात, अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून, स्टेजवरच गेला. त्याच्या हातात गिटार होती. तरणाताठा, नाव कमावलेल्या बँडमधला वादक. त्याच्याआधी त्या हॉलमध्येही बरेच कार्यक्रम नीट पार पडले असतीलच.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. वाजवणाऱ्याची जागा कायमची ठरली की तिथं कायमची लाइन नेता येते. मेन बोर्डातून स्वतंत्र, तीन तारांची, स्वतःच्या एमसीबीवर (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), आणि सोबत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाइन तोडणारा स्विच). टोकाला दोन चांगले तीन-पिनी सॉकेट, पावसापाण्यापासून झाकलेले. फ्रीजर, मिक्सर-ग्राइंडर, कारंज्याची मोटर, यांतलं काहीही त्या लाइनवर नको. ते नीट जोडलं आहे की नाही हे बघायला मोठं काही लागत नाही. तुमचा वायरमन साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लावून सांगेल. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढाच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्ये पन्नास-साठ दिसले तर तिथं कुणालाही बसवू नका. मला नको, डीजेच्या पोराला नको, आणि माईक हातात घेऊन दोन शब्द बोलणाऱ्या वधूपित्यालाही नको.

अर्थिंगचा खड्डा बऱ्याच ठिकाणी बांधकामाच्या वेळी कोळसा-मीठ घालून केलेला असतो आणि नंतर त्याच्याकडं कुणी बघितलेलं नसतं. माती सुकली की तो काम कमी करतो, म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी सोडावं लागतं. आणि तुमच्या लॉनवर सगळ्यांत जास्त तारखा असतात त्या एप्रिल-मेमध्येच.

काही मालक म्हणतात, आम्ही फक्त जागा भाड्यानं देतो, वाजवणारा पार्टीनं आणलेला, त्याचं त्यानं बघावं. मी माझ्यापुरतं बघते. स्वतःची जाड एक्स्टेंशन आणते, टेस्टर आणते, हल्ली छोटा मल्टिमीटरही पिशवीत असतो. पण तुमच्या भिंतीमागची वायर मला दिसत नाही आणि ती बदलायचा अधिकार मला नाही. ती तुमची आहे.

जागा ठरवताना ऊनही बघा. आपल्याकडं बरीच लॉन पश्चिमेला उघडी आहेत, कारण मावळतीचं आभाळ फोटोत चांगलं येतं. चार ते सहा या वेळात तिथं बसवलं तर गिटारच्या पुढच्या फळीवर थेट ऊन येतं. उन्हानं पोलादी तारा प्रसरण पावून उतरतात, मग सावली आली की पुन्हा चढतात. मी दर गाण्याला खुंट्या पिळत बसते. गिटारच्या लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्या पावसाळ्यात हवा त्याच्या कितीतरी वर असते, उन्हाळ्याच्या दुपारी खाली जाते, आणि बंद गाडीत तापमान 50 अंशांच्या वर सहज चढतं, तिथं डिंकाचे जोड सैल व्हायला लागतात. म्हणून मी "गाडीतच राहू द्या सामान, सहाला काढा" हे ऐकू शकत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंतुवाद्य उन्हात का ठेवायचं नाही, हे आपल्या भागात कुणाला मुद्दाम शिकवायला लागू नये. एक सावलीची जागा, वर पक्कं छप्पर किंवा जाड कापड, एवढंच हवं. वळवाचा पाऊस दहा मिनिटांत येतो आणि तेव्हा पाहुणे आत पळतात, वाद्य आणि विजेची जोडणी जागच्या जागी राहते.

डॉल्बीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण जागेचा विषय त्याच्याशिवाय पुरा होत नाही. डॉल्बीवर पोट असलेली पोरं माझ्याच धंद्यातली आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच, की गिटारची वेळ आणि डॉल्बीची वेळ एकमेकांत घालू नका. मी वाजवत असताना वीस पावलांवर त्यांचं बेस तपासणं सुरू असतं. शेजारच्या दुसऱ्या लॉनवर तुम्हीच दुसरी तारीख दिलेली असते आणि तिथली वरात माझ्या गाण्यातून जाते. वरात दाराशी किती वाजता येणार हे तुमच्या मॅनेजरला माहीत असतं. मलाही सांगितलं तर मी तेव्हा थांबेन, आणि थांबायला मला आवडेल, कारण वरातीच्या बँडपुढं गिटारनं वाजत राहण्यात काही अर्थ नाही.

कायद्याचं तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावू देत नाहीत. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, रात्रीची 45, आणि खासगी जागेतली यंत्रणा हद्दीवर त्याच्या 5 डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. एकटी गिटार नीट जागेवर बसवली तर ती या हद्दीत आरामात बसते. शेजारच्या सोसायटीतून तक्रार येऊ नये म्हणून धडपडणाऱ्या मालकांनी याचा जरूर विचार करावा. पाहुण्यांकडं तोंड आणि कंपाउंडकडं पाठ, एवढी दिशा सांभाळली तरी फरक पडतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. सामान ठेवायला आणि कपडे बदलायला कुलूप लागणारी एक खोली हवी. वधूपक्षाच्या खोलीत घुसून मला बदलायला लावू नका, त्या बायकांनाही अवघडतं. जेवण कार्यक्रमाआधी द्या. घरची माणसं नेहमी म्हणतात, "जेवल्याशिवाय जायचं नाही हं," आणि ते मनापासून असतं, कोल्हापुरात त्याची कमी नाही. पण मी सगळं आवरून येईपर्यंत काउंटर धुवायला गेलेले असतात. पैशांचं इव्हेंटवाल्यांनी ऐकावं. ठरलेली उरलेली रक्कम वाजवायच्या आधी द्या. "पार्टीकडून आले की देतो" हे वाक्य लग्नाच्या मोसमात ऐकलं की ते पैसे पावसाळ्यापर्यंत येत नाहीत, हा माझ्यासारख्या सगळ्यांचा अनुभव आहे. आणि ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास जास्त वाजवायचा असेल तर आधी विचारा. मी बहुतेक वेळा हो म्हणते.

इव्हेंटवाल्यांची एक अडचण मला ठाऊक आहे. पार्टी मोबाइलवर फोटो दाखवते, असंच डेकोरेशन हवं म्हणते, आणि त्या फोटोत वाजवणारा कुठंच नसतो. मग खांबाला खांब लागून सगळी जागा भरते. खरं आहे. पण त्याच पार्टीनं तुमच्याच यादीतून गिटारही निवडलेली असते. पहिल्या बैठकीत कागदावर 2 मीटर बाय 2 मीटरचा चौकोन काढून "इथं गिटार" असं लिहिलं तर कुणी नाही म्हणणार नाही. उलट मी पाहिलं आहे, घरच्यांना ते आवडतं. मग तेच विचारतात, इथं दिवा कसला लावू, मागं काय ठेवू.

एका साखरपुड्यात हे झालंही. नागाळा पार्कातलं घर, मागचं अंगण, माणसं थोडी. मुलीच्या आत्यानं आठ दिवस आधी फोन करून विचारलं, तुला काय काय लागतं? मी सांगितलं. पारिजातकाच्या कडेला, अंगणाच्या लांब बाजूला, घरातल्या तीन-पिनी सॉकेटपासून जवळ. पाहुणे आले, बसले, माझ्यासमोर दोन म्हाताऱ्या बहिणी हळू आवाजात बोलत होत्या आणि मध्येच गाणं ओळखून एकमेकींकडं बघत होत्या. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं, म्हणजे माझा आवाज बरोबर होता. त्या दिवशी मी आवाजाच्या बटणाला शेवटपर्यंत हात लावला नाही.

हे घरच्या अंगणात जमतं, तर तुमच्या लॉनवर का जमू नये? आणि कोल्हापूरला हे नवीन तरी कुठं आहे? शाहू महाराजांच्या काळात बांधलेलं खासबागचं कुस्तीचं मैदान बघा, कुठंही बसलं तरी आखाडा दिसतो. त्याला लागून 1915 मध्ये उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. त्या काळी लाउडस्पीकर नव्हते. नट कुठं उभा राहणार आणि प्रेक्षक कुठं बसणार, हे आधी ठरवून भिंती बांधल्या, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचला. ऑगस्ट 2024 मध्ये ते जळालं तेव्हा या गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांना या गावानं आसरा दिला, 1883 पासूनची देवल क्लब ही संगीतसंस्था या गावात आहे. मी त्या परंपरेतली मोठी कलाकार नाही, लोकांच्या जेवणाच्या वेळी वाजवणारी आहे. पण वाजवणाऱ्याला कुठं बसवायचं याचा विचार आधी करायचा असतो, हे या गावाला शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

तुळशीचं लग्न झालं की तुमच्या तारखा सुरू होतील. त्याआधीच्या रिकाम्या दिवसांत तुमच्या वायरमनला घेऊन लॉनवर किंवा हॉलमध्ये एक फेरी मारा. लांब बाजू कुठली, दुपारी चारला सावली कुठं असते, पाणी कुठं साचतं, मेन बोर्डापासून लाइन कशी नेता येईल, हे बघा आणि एक जागा पक्की करा. हवं असेल तर मी येते. आमच्यातले आणखी काहीजण यायला तयार आहेत, गिटारवाले, बासरीवाला, कीबोर्डवाली. खुर्ची टाकून, स्पीकर लावून, मल्टिमीटर धरून जागेवरच दाखवू. त्याचे पैसे घेणार नाही. जागा ठरली की तुमच्या छापील नकाशात ती दाखवा आणि बुकिंगच्या कागदावर "वादकासाठी जागा व स्वतंत्र वीज" अशी ओळ घाला. ज्या कार्यालयात ही ओळ असेल, तिथली तारीख आम्ही आधी घेऊ, आणि विचारणाऱ्या प्रत्येक घराला त्या कार्यालयाचं नाव सांगू.

कळावे,

आपली,
कोल्हापूरची एक गिटारवादक